दुसरे मत आणि एका दिवसाचा खाडा

(डाळज येथील व्याख्यान)



उजनीच्या जलाशयाकाठी, पुणे-सोलापूर रस्त्यावरील डाळजच्या परिसरात गळीत हंगाम सुरू होताना ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांतील पुष्कळ कुटुंबे बीड जिल्ह्यातली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत तो चालला पाहिजे, आणि दिवस चुकला की खाड्याचा दंड. गंभीर आजाराचे निदान झाल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, हा सुशिक्षितांना परिचित असलेला उपदेश या कोयत्याजवळ उभे राहून तपासला पाहिजे.

बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु अंगावरून जाते, ओटीपोट दुखते म्हणून गेलेल्या अनेकींना ‘पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल’ एवढेच सांगण्यात आले होते, आणि तेवढ्यावर त्यांनी कर्ज काढले.

वस्तुतः अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते व ते औषधाने बरे होते. केवळ सोनोग्राफीच्या चित्रावरून कर्करोग सिद्ध होत नाही. त्यासाठी पेशींचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. आणि तो तुकडा ज्या काचेवर ठेवतात ती काच दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बाहेरून आलेल्या रुग्णांच्या अशा काचा पुन्हा पाहिल्या जातात. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले, तर ऐन तिशीत पाळी कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात. आणि याच हाडांवर उसाच्या मोळ्या वाहायच्या असतात.

‘डॉक्टरसाहेब रागावतील’ ही भीती खेड्यात फार. बैल घेताना चार जाणत्यांना दात दाखवणारा माणूस बायकोच्या पोटावर सुरी चालायची वेळ आली की एका शब्दावर विसंबतो! मात्र दुसरे मत म्हणजे मनाजोगते उत्तर मिळेपर्यंतची भटकंती नव्हे. रक्तस्राव थांबत नसेल तर थांबायला वेळच नसतो. आणि तुकड्याच्या तपासणीत कर्करोग ठरल्यावर वैदूकडे महिने घालवणे हा आत्मघातच.

कायदा रुग्णाच्या बाजूने बराच पुढे आला आहे. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, हे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. केवळ तपासणीला संमती दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोष काढल्याच्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये डॉक्टरला दोषी धरले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत दुसरे मत हा रुग्णाचा हक्क म्हणून नोंदला आहे.

पण सनदेत खाड्याचा उल्लेख नाही. जिचा दिवस मुकादमाकडे गहाण आहे, तिने पुण्याला ससूनमध्ये जाऊन केसपेपरच्या रांगेत कधी उभे राहायचे? बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची करण्यात आली, हे योग्यच झाले. तो नियम मात्र बीडच्या वेशीपर्यंतचा. कोयता हंगामभर इंदापूर-बारामतीच्या फडात असतो, दुखणेही तिथेच अंगावर काढले जाते. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गळीत हंगामात तेथे ऊसतोड महिलांचे कागद व काचा पुन्हा तपासण्यासाठी आठवड्यातला एक वार ठरवावा, आणि त्या वाराचा खाडा कारखान्याने भरावा.