वाटाण्याचे रोप आणि विल्यमसनचा कॅमेरा

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी माध्यमाच्या शाळेत, तीही महाराष्ट्राबाहेरच्या, मूल घालताना प्रत्येक पालकाच्या मनात एक शंका असते. कोणी ती बोलून दाखवतो, कोणी मनातच ठेवतो. यंत्रांची भाषा इंग्रजी, तंत्राची पुस्तके इंग्रजी, मग मराठीत शिकलेले मूल या तांत्रिक जगात मागे तर पडणार नाही ना? शंका खोटी नाही आणि तिला नुसत्या अभिमानाने उत्तर देता येत नाही. आजकाल शाळाशाळांतून मुले भ्रमणध्वनीवर लघुपट तयार करतात. स्नेहसंमेलनात ते दाखवले जातात आणि पालक कौतुकाने टाळ्या वाजवतात. त्या लघुपटांच्या निमित्ताने हा प्रश्न तपासायचा, तर एका विद्यार्थ्याकडे पाहावे लागते. त्याने चित्रपट करता करताच चित्रपटाचे तंत्र आत्मसात केले. तेव्हा त्याचे वय बेचाळीस वर्षांचे होते. नाव धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेबांना ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ म्हणून सारेच ओळखतात. त्या पदवीमुळे त्यांच्या ठायी असलेला विद्यार्थी मात्र झाकला गेला आहे. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी एका संस्कृत पंडिताच्या घरी जन्मलेला हा मुलगा १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकला. गोध्र्याला त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले, व्यवसाय मोडला. रतलामला तो ठसे बनवण्याची आणि रंगीत छपाईची कला शिकला. पुरातत्त्व खात्यात त्याने आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, मग ती सोडून छापखाना काढला. रंगीत छपाईतले नवे तंत्र शिकण्यासाठी १९०९ मध्ये तो जर्मनीला जाऊन आला. मध्येच केव्हातरी एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही केले. ‘फाळके’ हे आडनाव उलटे वाचून पाहावे! बडोदे, गोध्रा, रतलाम ही नावे ऐकताना महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला थोडे बरे वाटले तर त्यात गैर काही नाही.

या सगळ्या उपद्‌व्यापांना लोकांनी धरसोड म्हटले असेल. पण प्रत्येक ठिकाणी तो एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी शिकत होता. प्रकाश एखाद्या पृष्ठभागावर पडला की त्याचे चित्र कसे उमटते, कोणत्या रसायनाने ते टिकते आणि एका चित्राच्या अनेक प्रती कशा निघतात, हा त्या साऱ्या शिक्षणाचा गाभा होता. पुढे चित्रपट समोर आला तेव्हा त्यातले निम्मे काम त्याच्या हातांना आधीच येत होते.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण दिसावेत या ध्यासाने त्यांना झपाटले, ही कथा परिचित आहे. त्यानंतरचे महिने कमी परिचित आहेत. त्यांनी एक लहानसे यंत्र आणि काही रिळे मिळवली आणि मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून ते रात्री चित्रे न्याहाळत बसू लागले. दिवसाही चार-पाच तास चित्रपट पाहणे चालूच होते. झोप गेली आणि डोळ्यांवर असा ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. उपचार आणि चष्मा यांनी ती परत आली. लगेच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. घरी पत्नी आणि लहान मुले होती, हे येथे विसरून चालणार नाही. ‘ध्यास’ हा शब्द भाषणात शोभून दिसतो. ज्या घरात तो शिरतो, त्या घराला त्याची किंमत मोजावी लागते.

लंडनमध्ये एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना आधी परावृत्तच केले. हिंदुस्थानच्या हवेत हा उद्योग टिकायचा नाही, असे त्याचे मत होते. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि धुण्याचे पाणी कोमट झाले तर तो मऊ पडून सुटू लागतो. मुंबईच्या उन्हाळ्यात ही भीती खरीच होती. पण पाहुण्याची तळमळ पाहून त्याच संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे नेले. चलच्चित्रांची बाराखडी सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिणारे हेच हेपवर्थ. वॉल्टन येथील त्यांच्या चित्रशाळेत फाळक्यांनी सुमारे आठवडाभर काम पाहिले. मग पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून १ एप्रिलला ते मुंबईस परतले. औपचारिक शिक्षण म्हणावे असे या विद्येचे त्यांचे शिक्षण एवढेच, एक पुस्तक आणि एक आठवडा.

यंत्रे मे महिन्यात दादरच्या बंगल्यावर पोहोचली. सोबतच्या आकृत्या पाहत चार दिवसांत त्यांनी ती जोडली. येथून पुढे जे झाले ते प्रत्येक शिक्षकाने बारकाईने पाहावे असे आहे.

कच्ची फिल्म त्या काळी छिद्रांविना येई. कॅमेऱ्यातील दाते ज्यांत अडकून फिल्म पुढे सरकवतात ती छिद्रे घरीच पाडावी लागत. एका फुटात सोळा चौकटी असतात, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ झाला तो ३,७०० फुटांचा. पाचवी-सहावीच्या मुलांना हा गुणाकार घालावा. उत्तर येते ४,७३,६००. ही झाली फक्त मूळ निगेटिव्हची छिद्रे, पडद्यावर दाखवायच्या प्रतीची तेवढीच वेगळी, आणि वाया गेलेली फिल्म हिशेबातच नाही. शिवाय हे काम उजेडात करता येत नाही. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून फार तर मंद तांबडा दिवा चाले. बाकी सारा बोटांच्या स्पर्शाचा भरवसा. एक छिद्र तिरके गेले की पडद्यावर चित्र थरथरते.

हे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड पात्रांच्या चेहऱ्यावर फिरवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक हे सगळे त्यांच्याकडे होते. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा दागिने देणारी पत्नी म्हणून येतो. दागिने त्यांनी देऊ केले हे खरेच, पण तंत्रज्ञ म्हणून त्यांचे स्थान अधिक मोठे आहे. आणि पालकांच्या मूळ शंकेचे उत्तर शोधायचे तर ते याच घरात शोधावे लागते. पुस्तक इंग्रजीत होते, यंत्रावरची अक्षरे इंग्रजी होती, पण दादरच्या त्या अंधाऱ्या खोलीत ‘आता ओढ’, ‘थांब’, ‘पाणी गार आहे ना?’ हे सारे मराठीतच बोलले गेले असणार. इंग्रजी पुस्तकातले ज्ञान घरच्या भाषेत उतरवता आले, म्हणून तर चित्रपटाचे काम सबंध घराचे होऊ शकले. नुसत्या पारिभाषिक शब्दांच्या पाठांतराने एकही छिद्र पडले नसते.

कॅमेरा चालतो की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आधी बंगल्याच्या आसपास खेळणारी मुले टिपली. चित्रे ठीक उमटली. पण चित्रपटाला भांडवल हवे होते आणि ‘हे पाहा, मला येते’ असे दाखवण्याजोगे काही हातात नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला.

‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. कुंडीसमोर कॅमेरा महिनाभर रोवून ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. बीज फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढतो, हे सारे पडद्यावर क्षणांत घडले. निवडक मंडळींना ते दाखवताच भांडवलाची वाट मोकळी झाली.

शाळेत शिकवण्याजोगा धडा ‘राजा हरिश्चंद्र’पेक्षा या वाटाण्यात अधिक आहे. मूकपट सेकंदाला साधारण सोळा चौकटींनी चाले. म्हणजे मिनिटाच्या चित्राला ९६० चौकटी लागतात. महिनाभरात तेवढ्या टिपायच्या तर रोज ३२. फक्त बारा तास उजेड धरला तर दर साडेबावीस मिनिटांनी एक. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्याला सहसा आठ चौकटी पुढे जात, तेथे एकच चौकट नेमकी सरकवायची हाही एक प्रश्न. त्यात कॅमेऱ्याला चुकूनही धक्का लागता कामा नये. कुंडी हलता कामा नये. ढग आला, ऊन कलले, तर त्या चौकटी काळ्या-पांढऱ्या पडून पडद्यावर चित्र लुकलुकते. आणि या साऱ्या खटाटोपात काही चुकले का, हे फिल्म धुतल्याखेरीज कळायची सोय नाही. पैजेला महिना लावलेला, आणि शेजारी घेणेकऱ्यांचा तगादा.

हाच प्रयोग आजची मुले वर्गाच्या खिडकीत करू शकतात आणि त्यांनी तो करावाही. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दहा सेकंदांच्या चित्राला २५० छायाचित्रे लागतात. भिजवलेला वाटाणा आठ दिवसांत डोळ्यांत भरेल इतका वाढतो. रोज एकतीस-बत्तीस छायाचित्रे घ्यायची, त्यांच्या पाळ्या लावायच्या, वही ठेवायची. भ्रमणध्वनी टेकवण्यासाठी विटा आणि पुठ्ठा पुरे. उजेडाचे माप यंत्राने आपल्या मर्जीने बदलू नये म्हणून ते बांधून ठेवण्याची सोय बहुतेक भ्रमणध्वनींत असते, ती मुलांनी शोधून काढावी. पहिल्या खेपेस कोणीतरी कुंडीला पाणी घालताना ती सरकवणारच. मग चित्रात रोप एकदम उडी मारते आणि मुले हसतात. ते हसू झाले की कुंडीभोवती खडूची रेघ आपोआप आखली जाते.

कोणी म्हणेल, हे सारे करणारी ‘टाइम-लॅप्स’ची कळ भ्रमणध्वनीत आयती असताना एवढा खटाटोप कशाला? कळ दाबायला हरकत नाही, पण हाताने एकदा करून झाल्यावर. कळ आधी दाबली तर मुलाला रोप मिळते, हिशेब मिळत नाही. लघुपटाच्या स्पर्धांत हल्ली तयार संगीत, तयार अक्षरे, तयार रंगछटा यांनी सजलेले चित्रपट फार दिसतात आणि परीक्षकही भुलतात. त्यांत मुलाने नेमके काय केले हे विचारले तर उत्तर चाचरते. त्यापेक्षा थोडा थरथरणारा पण ‘येथे ढग आला होता’ असे ज्याचे स्पष्टीकरण मूल मराठीत स्वच्छ सांगू शकते तो चित्रपट केव्हाही वरचा.

‘राजा हरिश्चंद्र’ पुढे सहा-सात महिन्यांत पुरा झाला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके तारामती झाले आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. मूकपटात प्रसंगांमध्ये लिहिलेल्या पाट्या असतात. या चित्रपटाच्या पाट्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होत्या. परप्रांतात तीन भाषांत वावरणाऱ्या मुलांना हे मुद्दाम सांगावे.

त्यानंतर १९१७ मध्ये फाळक्यांनी दोन गोष्टी केल्या, त्या शिक्षकाच्या वृत्तीच्या आहेत. ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर मराठीतून लेखमाला लिहायला घेतली. आणि ‘चित्रपट कसा तयार करतात’ हा छोटा बोधपट काढला. त्याचा काही भाग आजही पाहायला मिळतो. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात. नटांना सूचना देतात, आणि मग फिल्मची पट्टी उजेडाकडे धरून एकेक चौकट तपासत बसतात.