माठाची माती आणि बरणीची माती

श्रावणातील अमावास्येला विदर्भात पोळ्याचे बैल सजतात, त्याच दिवशी रायपूरच्या बाजारात मातीच्या बैलांची विक्री होते. छत्तीसगडात या सणाला पोरा म्हणतात. त्या दिवशी मुलांच्या हाती मातीचा नांदिया बैल येतो आणि मुलींच्या हाती इवलेसे जाते, चूल व भांडी. एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या प्रांताचे महाराष्ट्राशी नाते असे मातीतूनही प्रकट होते.

ही खेळणी आणि उन्हाळ्यातील माठ कुंभाराच्या आव्यात भाजले जातात. लाकूड, पेंढा व गोवऱ्या यांची आच साधारणतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तेवढ्याने माती टणक होते. तिची सूक्ष्म छिद्रे मात्र मिटत नाहीत.

याहून निराळी रीत सोडाभट्टीची. तिचे मूळ जर्मनीतील ऱ्हाईनकाठच्या कुंभारांच्या मीठभट्टीत आहे. उष्णता १,२०० अंशांच्या पुढे गेली म्हणजे भट्टीत मीठ टाकीत. त्यातील सोडियमची वाफ मातीतील सिलिकेशी संयोग पावून भांड्यावर काचेचा थर चढवी. सांडपाण्याच्या नळांनाही पुढे अशीच झिलई देत असत. परंतु मिठाच्या धुरातून आम्लाची वाफ निघते. म्हणून १९७० नंतरच्या दशकात कलावंतांनी मिठाऐवजी सोडा वापरण्यास आरंभ केला. ज्वाळा जेथून वाहते तेथे चकाकी येते, आडोशाला माती कोरडीच राहते. त्यामुळे कोणतीही दोन भांडी तंतोतंत सारखी निघत नाहीत.

मग हीच भट्टी रायपूरच्या कुंभाराला का देऊ नये, असा प्रश्न कोणी विचारील. पहिली अडचण मातीची. माठाची साधी, लोहयुक्त माती एवढ्या आचेत बहुधा टिकत नाही, वाकते किंवा वितळते. त्यासाठी दुसरी माती विकत आणावी लागेल. शिवाय सोडा भांड्यांप्रमाणे भट्टीच्या विटांवरही चढतो आणि त्यांना हळूहळू खातो. हा खर्च पोऱ्याच्या खेळण्यांवर निघणे कठीण.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लोणच्याच्या बरणीला घट्टपणा हवा, कारण खार झिरपता कामा नये. माठाचे मोल मात्र त्याच्या झिरपण्यात आहे. बाहेर आलेले पाणी वाफ होऊन उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. रायपूरच्या वैशाखात पारा ४० अंशांवर चढतो, तेव्हा झिलईचा माठ पाणी साठवील, पण निववणार नाही.

म्हणून कुंभाराला प्रगत करू पाहणाऱ्याने आधी त्याचे भांडे कोणत्या कामाचे आहे, हे पाहावे. चांगली माती, पुरेसे जळण आणि रास्त भाव, एवढे मिळाले तर जुना आवाही त्याचे घर चालवू शकेल.