लवंग जंतू मारते, पण किती?



आज मिसळणाच्या डब्याविषयी बोलू. कापलं की हळद, दाढ दुखली की लवंग, पोट दुखलं की ओवा, हे आपण आई-आजीकडून शिकलो. त्यात तथ्य आहे. हळदीनं जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या आपल्या संस्थेनं जुन्या लिखाणाचे पुरावे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

लवंगेत युजेनॉल असतं, ओव्यात थायमॉल. लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात आणि लवंगेच्या तेलात भिजवलेला कागदाचा तुकडा मध्ये ठेवतात. तुकड्याभोवती जंतू वाढत नाहीत, तेवढी जागा मोकळी राहते.

पण बायांनो, ते निव्वळ तेल असतं. आपल्या कालवणात पडतात दोन-चार लवंगा. म्हणून झणझणीत आहे, टिकेल, असं समजून रात्रीचा रस्सा उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवू नका. काही जंतू अन्नात विष सोडतात. ते परत उकळूनही जात नाही.

आमच्यातल्या एकीच्या नातवाला जुलाब लागले. दोन दिवस नुसतं ओव्याचं पाणी पाजलं. पोराचे डोळे खोल गेले. आशाताईंनी ओआरएस सुरू केलं, लगेच दवाखान्यात न्यायला लावलं, म्हणून पोर वाचलं. ओवा वाईट नाही, पण अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ तो भरून देत नाही.

तेव्हा एवढं करू. जुलाब लागले की पहिल्या दिवसापासून ओआरएस, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. आशाताई सांगतील तशी झिंकची गोळी १४ दिवस. मूल मलूल झालं, लघवी कमी झाली, शौचातून रक्त आलं, तर १०८ ला फोन करायचा. जखम आधी साबण-पाण्यानं धुवायची, खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. बाळाच्या नाळेला हळद लावायची नाही.

आजीची हळद आपण सोडणार नाही. पण साबणाला आणि दवाखान्याला तिच्या मागं ठेवायचं नाही. पुन्हा भेटू. राम राम!