यादीबाहेरची भूक

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या कापूस-सोयाबीनच्या गावात वेचणी सरली की भूमिहीनाच्या हाताला काम उरत नाही. तो शहराची वाट धरतो. मार्च 2020 च्या टाळेबंदीने ती वाटच बंद झाली. कोणत्या घरात काय कमी आहे, हे तेव्हा मोजले कोणी?

15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका दारोदार गेल्या. त्यांनी ताप पाहिला, प्राणवायूची पातळी मोजली, जुने आजार विचारले. ते आवश्यकच होते. परंतु चुलीची विचारपूस हा त्या मोहिमेचा हेतू नव्हता. (याच सेविकांना जून 2021 मध्ये मानधनासाठी संप करावा लागला!)

एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो मोफत धान्य आले, तेही अन्नसुरक्षेच्या शिधापत्रिकेवर. आणि तिचा इष्टांक बेतलेला 2011 च्या जनगणनेवर. मग त्यानंतर जन्मलेले मूल, परतलेला मजूर, पालावरचे कुटुंब यांनी कोठे जावे? 29 जून 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांना कोरडा शिधा देण्याचा आदेश दिला, तेव्हा दुसरी लाट ओसरत आली होती.

गरजवंतांची यादी तहसील कचेरीत नव्हे, वस्तीवर बसून करावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. सुटलेले नाव शेजारीच सांगतील.