नळीतलं रक्त आणि अंगातलं रक्त
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आषाढ लागला की नागभीडकडच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. पोटरीभर चिखल, ओळीने वाकलेल्या बाया, धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या पेंढ्या. आणि त्याच धुऱ्यावरच्या गवतात कधीकधी परड. पुस्तकातली घोणस. माझी सारी नोकरी रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत गेली, त्यातली बरीच वर्षं याच धानाच्या पट्ट्यात. पावसाळ्यात रात्री-बेरात्री दार वाजायचं ते बहुतेक एकाच कामासाठी. साप चावलेला माणूस आलाय, नळी घेऊन चला.

तपासणी अगदी साधी. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त काढायचं, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच ती तिरपी करायची. रक्त गोठून खाली बसलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर डॉक्टर लगेच प्रतिसर्प विष लावायचे. ती वीस मिनिटं फार लांब असतात. बाहेर नातेवाईक उभे, कोणी बांधलेली दोरी सोडायला तयार नाही, कोणी गावातल्या मांत्रिकाला फोन लावतोय, आणि आपण भिंतीवरचं घड्याळ बघतोय.

लोक म्हणतात, परडीच्या विषानं रक्त पातळ होतं. मीही सुरुवातीला तसंच म्हणायचो. खरं ते उलटं आहे, आणि ते समजलं तर आजचा पुढचा सगळा विषय समजेल.

रक्त स्थिर ठेवलं की वर पिवळसर पाणी सुटतं ते तुम्ही पाहिलं असेल. गोठू न देता तांबड्या-पांढऱ्या पेशी बाजूला केल्या की जो द्रव उरतो त्याला प्लाझ्मा म्हणतात. रक्ताचा निम्म्याहून थोडा जास्त भाग तोच. त्यात विरघळलेली अनेक प्रथिनं असतात, बहुतेक यकृतात तयार झालेली. त्यातलं एक फायब्रिनोजेन. ते एरवी मुकाट्यानं वाहत असतं. जखम झाली की बाकीची प्रथिनं एकापाठोपाठ एक जागी होतात, त्यांना रोमन आकडे दिलेले आहेत, आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. हे थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचे तुकडे तोडतं, त्यातून धागे बनतात, धाग्यांचं जाळं बनतं. तीच गुठळी.

परडीचं विष या साखळीच्या मध्यावरच घाव घालतं. ते दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट जागं करतं. जखम नाही, गरज नाही, तरी शरीरभर गोठण्याची घाई सुटते. बारीक जाळी विणली जातात, विरघळतात, पुन्हा विणली जातात, आणि काही वेळातच फायब्रिनोजेनचा साठा संपतो. म्हणजे रक्त पातळ झालेलं नसतं, गोठवायचा मालच खर्च झालेला असतो. म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, लघवीतून येतं, आणि म्हणूनच दंशाच्या जागी ब्लेड मारणं हा शुद्ध वेडेपणा. प्रतिसर्प विष फक्त विषाला अडवतं, संपलेला माल भरून देत नाही. तो यकृतानं नव्यानं करायचा, त्याला तास लागतात. म्हणून औषधानंतर सहा तासांनी नळी पुन्हा लावतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. नाग किंवा मण्यार चावली असेल तर रक्त व्यवस्थित गोठतं आणि माणूस श्वास बंद पडून जातो. नळी चांगली आली म्हणून कोणाला घरी नेऊ नका.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका रुग्णालयात सापाच्या एका रुग्णाचं रक्त गोठेना. पण माणूस ठणठणीत, सूज नाही, रक्तस्राव नाही. डॉक्टरांना शंका आली. त्यांनी मला म्हटलं, तुझंच रक्त घाल बघू एका नळीत. घातलं. तेही गोठलं नाही! नळ्या मी साबणाच्या पावडरीनं धुतल्या होत्या, आणि धुतल्या त्या फार चकाचक, या अभिमानात होतो. काचेला रक्त लागलं की प्लाझ्मातलं बारावं प्रथिन जागं होतं आणि तिथून नळीतलं गोठणं सुरू होतं. काचेवर साबणाचा थर राहिला की ते जागंच होत नाही. प्लास्टिकच्या नळीतही हाच घोटाळा होतो.

या बाराव्या प्रथिनाची गोष्ट मला फार नंतर कळली. अमेरिकेत क्लीव्हलंडला जॉन हेगमन नावाचा रेल्वेत ब्रेकमनचं काम करणारा माणूस होता. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेच्या नळीत फार उशिरा गोठतं असं दिसलं. पण त्याला जन्मात कधी अवाजवी रक्तस्राव झालेला नव्हता. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी शोध घेतला तेव्हा त्याच्या प्लाझ्मात एक प्रथिनच नाही असं निघालं. 1955 साली ते प्रसिद्ध झालं, त्या प्रथिनाला हेगमन घटक हे नाव पडलं. आणि हा माणूस 1968 साली वारला तो कशानं? पडून कमरेखालचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळला, आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून गेला. ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो!

आमचं नागभीडही रेल्वे जंक्शनचं गाव. त्यामुळे असेल, तो ब्रेकमन मला ओळखीचा वाटतो.

त्याची गोष्ट मला आधी माहीत असती तर पुढची चूक टळली असती. दहा-बारा वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावची बाई आली. दोनदा गर्भ राहून गेलेला, आता तिसऱ्यांदा. पिशवी साफ करायची म्हणून रक्त तपासलं, तर गोठण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट. अहवालावर मी तांबड्या शाईनं खूण केली. सगळे म्हणाले, हिचं रक्त पातळ आहे, जपा. ते काम निभावलं. चार दिवसांनी तिचा डावा पाय सुजला, पोटरी दगडासारखी. आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक पाय सुजला की पहिलं नाव हत्तीरोगाचं निघतं, आणि ते चूकही नाही, तो आजार आमच्या भागात आहेच. पण हत्तीपाय महिन्या-वर्षांनी वाढतो, दोन दिवसांत नाही. गुठळीचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण कागदावर तिचं रक्त पातळ होतं. ती खूण माझी होती. पुढे तिला धाप लागली, तेव्हा घाईनं नागपूरला हलवलं. वाचली.

नागपूरला औषध सुरू करण्याआधी घेतलेल्या रक्ताचा अहवाल घेऊन तिचा नवरा महिन्याभरानं माझ्याकडे आला. कोणाकडून तरी इंग्रजी वाचून घेतलं होतं. म्हणाला, "भाऊ, हिला तर साप चावलाच नाही. मग हे सापाचं विष कुठून आलं?"

अहवालावर तपासणीचं नाव होतं 'डायल्यूट रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम'. रसेल्स व्हायपर म्हणजे आमची परड.

त्याला खाली बसवून मी सांगितलं ते असं. काही माणसांच्या शरीरात प्लाझ्मातल्या स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. गोठण्याच्या प्रक्रियेला एक स्निग्ध द्रव्य लागतं. ही प्रतिपिंडं नळीत त्या द्रव्याला जाऊन चिकटतात, म्हणून नळीत वेळ लांबतो. अंगात मात्र तीच रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आणि रक्तकणिकांना चिथावतात, आणि नको तिथं गुठळ्या होतात. पायात होतात, वारेत होतात, गर्भ टिकत नाही. परडीचं विष दहाव्या घटकाला थेट जागं करतं, म्हणजे आधीच्या साखळीतले घोटाळे आपोआप वगळले जातात. विष अगदी विरळ करून प्लाझ्मात घालतात. गोठायला उशीर झाला आणि स्निग्ध द्रव्य जास्त घातल्यावर वेळ सावरला, तर ही प्रतिपिंडं आहेत असं धरतात. खात्रीसाठी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

खरं तर तिचा प्लाझ्मा निरोगी माणसाच्या प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळून पाहिला असता, तर मलाही शंका आली असती. नुसतं एखादं प्रथिन कमी असतं तर मिश्रणात वेळ सावरला असता. प्रतिपिंडं असली तर सहसा सावरत नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

आपल्या रक्तात गोठवणारी प्रथिनं आहेत तशी आवरणारीही आहेत. अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी, प्रोटीन एस. गरोदरपणात गोठवणारी वाढतात आणि प्रोटीन एस घटतं, बाळंतपणात रक्त जाऊ नये म्हणून. त्याचा धोका बाळंतपणानंतरही सहा आठवडे असतो. आमच्याकडे बाळंतिणीला खाटेवरून हलू देत नाहीत. उठू द्या, चालू द्या. एका पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखली, छातीत कळ येऊन दम लागला, तर शेकत बसू नका.

त्या बाईला पुढच्या खेपेस दिवस राहिल्यापासून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि रोज पोटावर हेपारिनचं इंजेक्शन होतं. हेपारिन स्वतः फारसं काही करत नाही, रक्तातल्या त्या अँटिथ्रॉम्बिनलाच जोर देतं. नवऱ्यानं इंजेक्शन टोचायला शिकून घेतलं. रोवणीच्या दिवसांतही संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन तो वेळेवर घरी यायचा. मुलगी झाली. बारशाला मी गेलो होतो. पाहुण्यांना तो सांगत होता, परडीनं आमच्या घरचा रोग ओळखला म्हणून. समोरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, मग आता दिसली तर मारशील का? तो जरा थांबला, म्हणाला, "तेवढं बांधीत दिसल्यावर पाहू."