शंकरपटाचा धुरकरी

मोटारींच्या शर्यतींत कीर्ति मिळते ती गाडी हांकणाराला. २००५ सालीं नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वन शर्यतींत उतरणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हां देशभर त्याचें नांव गाजलें. बुलढाणा जिल्ह्यांतील शंकरपटाची रीत मात्र उलटी आहे. तेथें लोकांच्या तोंडीं नांवें असतात तीं बैलांचीं. कासरा हातीं धरणाऱ्या धुरकऱ्याची ओळख जाणकारांपुरतीच राहते.

शेतांतील पीक घरीं आलें म्हणजे पटाचे दिवस सुरू होतात. हलक्या दुचाकी छकडीला जोडी जुंपली जाते. सारा खेळ कांहीं सेकंदांचा, आणि निकाल कित्येकदां सेकंदाच्या शतांशावर लागतो. तेवढ्या अवधींत धुरकऱ्याला पुष्कळ साधावें लागतें. जोडींतील दोन बैल क्वचितच एका स्वभावाचे असतात. एक उतावळा, तर दुसरा बुजरा. एकाला आवरावयाचें, दुसऱ्याला धीर द्यावयाचा, आणि दोघांना एका रेषेंत ठेवावयाचें. एक बैल जरा बाहेर ओढूं लागला, कीं डाव हातचा गेलाच. हें कसब मैदानांत शिकतां येत नाहीं. तें गोठ्यांतील सहवासानेंच येतें.

या कसबाला एक डागही होता. पराणीची टोंचणी, चाबकाचे फटके आणि शेपटीचा पिरगळा यांनीं मिळविलेल्या वेगालाही लोक टाळ्या देत. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली. २०१७ सालीं राज्यानें नवा कायदा केला; तरी शर्यतींना परवानगी मिळण्यास १६ डिसेंबर २०२१ चा दिवस उजाडावा लागला. १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य ठरविला. बैलाच्या धांवण्याचीं वर्षें मोजकींच. बंदीच्या आरंभीं ऐन उमेदींत असलेलीं जनावरें ती उठेपर्यंत म्हातारीं झालीं होतीं.

आतां पटाला जिल्हाधिकाऱ्यांची अनुमति लागते; काठी व चाबूक निषिद्ध आहेत. धुरकऱ्याजवळ उरला तो कासरा आणि स्वतःचा आवाज. ही अडचण नव्हे. हीच त्याची खरी परीक्षा. मारून पळविणारा आणि माया लावून पळविणारा यांतील भेद पूर्वीं धुळींत झांकून जाई. आतां तो उघड दिसूं शकतो, मात्र नियम कागदावर न राहतां मैदानांत पाळला गेला पाहिजे.

महाभारतांतील नल राजा वेष पालटून, ऋतुपर्णाचा सारथि होऊन विदर्भांत आला, तेव्हां रथाच्या घोषावरूनच दमयंतीला तो नल असावा असें वाटलें. हांकणाराची पारख त्याच्या हांकण्यावरून करण्याची रीत या भूमीला अशी जुनीच आहे. बैलांच्या नांवाबरोबर, न मारतां जिंकणाऱ्या धुरकऱ्याचेंही नांव घेतलें जावें, एवढेंच तिला साजेसें होईल.