पुलपिटावरून चुकीचं ऐकलं, तर बोलायचं का?

 

आजचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रविवारी उपासनेत बसलोय. संदेश चालू आहे, आणि मध्येच एक वाक्य येतं की मनात खटकतं. "इतके पैसे पेरा, देव दहापट देईल." किंवा, "खरा विश्वास असेल तर गोळ्या बंद करा." आजूबाजूचे लोक आमेन म्हणतात. आपण काय करायचं?

बहुतेक वेळा आपण तीनपैकी एक गोष्ट करतो. गप्प बसतो. नाहीतर उपासना सुटल्यावर जिन्यात उभं राहून कुजबुजतो. नाहीतर क्लिप काढून स्टेटसला लावतो आणि खाली हसणारे इमोजी टाकतो. यातलं एकही काम चूक सुधारत नाही.

गप्प बसण्यामागे दोन कारणं असतात, आणि दोन्ही हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. पहिलं कारण, आपला समाज छोटा आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग, कुठेही बघा, चाळीत आपली घरं मोजकीच. घरचं भांडण बाहेर गेलं की लोकांना आयता विषय मिळतो. दुसरं कारण, लहानपणापासून ऐकलेलं, की देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये.

आधी हे दुसरं बघू. ते वचन स्तोत्र १०५ मधलं आहे. आज घरी गेल्यावर त्याच्या मागच्या-पुढच्या ओळी वाचा. तिथे अभिषिक्त कोण आहेत? मूठभर, परके, या देशातून त्या देशात भटकणारे लोक. आणि तंबी कोणाला मिळते? राजांना. म्हणजे ते वचन दुबळ्यांना सत्तेपासून वाचवण्यासाठी आहे. आपण ते उलटं धरलं, आणि माइक हातात असलेल्या माणसाला प्रश्नांपासून वाचवायला वापरलं.

आता पहिलं कारण, बदनामीचं. यासाठी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडा. पेत्र अंत्युखियाला आलाय. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवतोय. मग यरुशलेमहून काही माणसं येतात, आणि पेत्र हळूच त्या पंगतीतून उठतो. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठतात, बर्णबासुद्धा उठतो. पेत्राने तोंडाने काही चुकीचं शिकवलेलं नाही. पण पंगतीत मागे राहिलेल्यांना न बोलता कळलं की आपण खालचे. पंगत कोणाची आणि उठलं कोण, याचा अर्थ महाराष्ट्रात वेगळा समजावून सांगायला नको. पौल तिथेच, सगळ्यांसमोर, पेत्राला विचारतो.

सगळ्यांसमोर का? कारण जे झालं तेच सगळ्यांसमोर झालं होतं. पौलाने पेत्राला नंतर बाजूला घेऊन समजावलं असतं, तर पेत्र सुधारला असता. पण पंगतीत बसून राहिलेल्या माणसाला कोणी सांगितलं असतं, की तू खालचा नाहीस?

आता याच्या शेजारी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ ठेवा. अपुल्लो हा उत्तम वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला त्याला सभास्थानात टोकत नाहीत. आपल्याकडे घेऊन जातात आणि नीट समजावतात. त्याचं शिकणं अर्धवट होतं, आणि तो शिकायला तयार होता.

दोन्ही ठिकाणी चूक सुधारली. फरक कशात? माझ्या मते फरक इतकाच, की चूक जिथपर्यंत पोचली, तिथपर्यंत उत्तर पोचलं पाहिजे. त्याच्या अलीकडे थांबू नये आणि पलीकडे जाऊ नये. तीस जणांच्या प्रार्थना सभेत बोललं गेलं असेल, तर उत्तर त्या तीस जणांना हवं, तीन हजार फॉलोअर्सना नको. आणि कोणी यूट्यूबवर शिकवत असेल, तर यूट्यूबवर उत्तर देण्यात काही गैर नाही. उघडपणे बोलणं वेगळं आणि व्हायरल करणं वेगळं. बदनामीची भीती व्हायरलला लागू होते, उघडपणाला नाही.

आता एक आपल्या मातीतली गोष्ट. गिरगाव चौपाटीवर तुम्ही शंभर वेळा गेला असाल. याच चौपाटी भागात ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याआधी इंग्लंडमध्ये काय झालं, ते फारसं सांगितलं जात नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला झाला, इंग्लंडमधल्या वाँटेज गावात, अँग्लिकन सिस्टरांकडे राहत असताना. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रात प्रेमाने 'आजीबाई' म्हणायच्या. आणि मग रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्याची शिकवण मला पटेल अशी दाखवा. चर्चचे मतांगीकार मी का मानायचे, ते शास्त्रातून सांगा. १८८५ च्या पत्रांत त्या स्पष्ट लिहितात की भारतातल्या पुरोहितांचं जू आत्ता कुठे मानेवरून उतरलंय, तसलंच दुसरं मी घालून घेणार नाही.

चर्चच्या हिशेबाने चूक रमाबाईंची होती. मीही त्रैक्य मानतो, त्यामुळे या मुद्द्यावर मी सिस्टर जेराल्डिनच्या बाजूचा. पण त्यांनी काय केलं बघा. मुद्द्याला उत्तर देता देता त्या रमाबाईंच्या स्वभावावर घसरल्या. हा तुझा अहंकार आहे, चर्चची आज्ञा मान. एखादी बाई 'हे खरं कशावरून' असं विचारतेय, आणि तिला उत्तर मिळतंय 'तू असं विचारतेसच कशी'.

त्याच काळात रमाबाईंना आणखी एका माणसाची पत्रं जात होती. नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे. काशीत वाढलेले चित्पावन शास्त्री, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, आणि स्वतः आयुष्यभर शंकांशी झगडलेले. तेही रमाबाईंशी असहमत होते, पण त्यांनी युक्तिवाद केला. तू म्हणतेस ते का चुकतं, ते एकेक मुद्दा घेऊन मांडलं. एका शास्त्र्याने दुसऱ्या पंडितेला द्यावं, तसं उत्तर दिलं.

रमाबाईंनी पुढे लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना धर्माच्या पलीकडे खुद्द ख्रिस्त भेटला. त्या आल्या, पण कोणी गप्प केलं म्हणून नाही आल्या. आणि आजीबाईंशी नातंही तुटलं नाही. ही सगळी भांडणाची पत्रं सिस्टर जेराल्डिननेच जपून ठेवली, म्हणून १९७७ मध्ये ती मुंबईत पुस्तकरूपाने छापता आली.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेवटच्या वर्षांत रमाबाई केडगावला मुक्ती मिशनमध्ये काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर. साध्या बाईला कळेल अशा मराठीत. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, भाषांतर १९२४ ला आलं. जिला 'आज्ञा मान' म्हणून सांगितलं गेलं, तिने पुढच्या बायकांच्या हातात असं काही दिलं की त्यांना कोणाचंही बोलणं स्वतः तपासता यावं. बिरुयाचे लोक पौलाचंही बोलणं रोज शास्त्रात तपासून बघत होते, आणि त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालंय.

मग येत्या रविवारी करायचं काय?

एक, नीट ऐकलंय ना, ते तपासा. पाळकांनाच विचारा, "तुम्ही असं म्हणालात, मला बरोबर समजलं का?" निम्मी प्रकरणं इथेच मिटतील. दोन, शास्त्र उघडून बोला, स्वभावावर जाऊ नका. "तुम्ही लोभी आहात" हे उत्तर नाही. "हे वचन इथे काय सांगतं?" हे उत्तर आहे. तीन, ऐकलं नाही, तर मत्तय १८ प्रमाणे एक-दोन जणांना सोबत घ्या, मग मंडळीसमोर मांडा.

पण चौथी गोष्ट नीट ऐका. काही चुका थांबत नाहीत. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर गावाहून आलेली माणसं रिपोर्टच्या पिशव्या घेऊन बसलेली तुम्ही पाहिली असतील. अशा माणसाला कोणी प्रार्थनेत सांगितलं की केमो घेणं म्हणजे अविश्वास, तर पुढच्या कमिटी मीटिंगची वाट बघू नका. तिथेच, त्याच्यासमोर, शांत आवाजात म्हणा, "प्रार्थना करू या, आणि उद्या उपचारालाही जाऊ या. मी सोबत येतो." पंगतीत मागे राहिलेल्या माणसाजवळ आधी बसायचं. वाद नंतर.

या आठवड्यात गलतीकरांस अध्याय २ आणि स्तोत्र १०५ वाचा, आणि तुमच्या मंडळीत प्रश्न विचारायला जागा आहे का, ते मला लिहून कळवा. मी चुकीचं बोललो असं वाटलं, तर तेही शास्त्र उघडून सांगा.

प्रभू तुम्हाला सत्य बोलायचं धैर्य देवो, आणि ते प्रेमाने बोलायची बुद्धी देवो. भेटू पुढच्या भागात.